दोन दगडांचा फेस

काटोल रोडला मामांची संत्र्याची बाग आहे. नागपूरला गेलो की पहिला मुक्काम तिथंच. या खेपेला झाडांची कोवळी पानं पिवळी दिसली, शिरा तेवढ्या हिरव्या. मामांनी माती उकरून पांढरे खडे काढले. "हे पाय, चुनखडी."

एक खडा कुटून मी त्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे येऊ लागले. मामा वाकले. "दगडाले बी फेस येते का बे?"

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि खडा झिजतो. यातला बराचसा कॅल्शियम बेसाल्टमधून आलेला. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची, तोच दगड पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यानं हळूहळू कुजला. त्याची काळी चिकणमाती झाली. सुटलेला कॅल्शियम पाण्याबरोबर खाली मुरला आणि पाणी आटलं तिथं खडा होऊन बसला. लिंबानं मोकळा केलेला हा वायू कधीतरी पावसातून, मुळांच्या श्वासातून मातीत उतरला होता! ते बुडबुडे मी कितीतरी वेळ पाहत बसलो. झाडांना मात्र या चुनखडीचा जाच होतो. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी.

दुसऱ्या दिवशी कन्हानचा पूल ओलांडून मनसरला गेलो. हा मँगनीजचा मुलूख. मध्य भारतातल्या मँगनीजयुक्त गार्नेट या खनिजाच्या खडकाला फर्मोर या भूवैज्ञानिकानं 1909 साली गोंडांवरून 'गोंडाइट' हे नाव दिलं. रस्त्याकडेला एक काळा, हाताला जड लागणारा खडा मिळाला. लिंबू पिळलं, काही नाही. मग जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं, तर लगेच फसफसला.

संध्याकाळी मामांच्या अंगणात त्याचे तुकडे बाटलीत टाकून वर पेरॉक्साइड ओतलं आणि विझत आलेली उदबत्ती तोंडाशी धरली. निखारा लखकन फुलला. हा वायू ऑक्सिजन. तो पेरॉक्साइडमधून सुटतो. काळ्या खड्यातलं मँगनीज डायऑक्साइड फक्त ते फुटण्याचा वेग वाढवतं, स्वतः खर्ची पडत नाही. तुकडे धुऊन पुन्हा टाकले, पुन्हा तसाच फेस.

मामांनी एक तुकडा खिडकीत ठेवला. "अन् माह्या झाडाइचं काय?"

लोह पानांवरूनच द्यायचं ठरलं. सकाळी फेरस सल्फेट आणायला बाजारात गेलो.