दोन डोळ्यांचा कप

साठी जवळ आल्यावर चित्रकला कुठून सुचली आणि कोणाकडे न शिकता ती जमली कशी, हे तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. मनात दडलेली आवड उशिरा वर आली असावी, असे विचारणारे बहुतेक जण गृहीत धरतात. माझ्या बाबतीत तसे नव्हते. मला आधी दिसू लागले, हात नंतर चालला.

वयाच्या ५८व्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. काही दिवसांनी टेबलावरच्या पांढऱ्या कपाकडे मी सहज एकेक डोळा मिटून पाहिले, तेव्हा डाव्या डोळ्याला तो जुन्या कागदासारखा पिवळट दिसला आणि उजव्याला निळसर पांढरा. त्याची सावली, जिला मी जन्मभर काळी समजत आले, ती तर चक्क जांभळट निळी होती. वय वाढते तसे डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते, पण हे इतके सावकाश घडते की आपल्याला पत्ताही लागत नाही. चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्यावर १९२३ मध्ये हीच शस्त्रक्रिया झाली आणि रंगांच्या या उलथापालथीने ते बेजार झाले. मला मात्र त्या सावलीने वेड लावले. त्याच आठवड्यात मी जलरंगांची पेटी आणली.

शिकण्याचे म्हणाल, तर ३१ वर्षांचे मुद्रितशोधन कामी आले. वाचताना डोळा छापलेला शब्द टिपत नाही, मनाला अपेक्षित असलेला टिपतो, म्हणून अवघड मजकूर मी शेवटच्या शब्दाकडून उलटा तपासत असे. चित्रातही मन तीच लबाडी करते. कपाची कड गोल आहे हे ठाऊक असल्यामुळे मी ती गोलच काढत राहिले. वास्तविक समोर दिसतो तो चपटा लंबगोल, आणि कप डोळ्यांच्या पातळीकडे उचलावा तसा तो आणखी चपटा होत जातो. रेखाटन उलटे धरले की ही चूक लगेच सापडते. रवींद्रनाथ ठाकुरांच्या हस्तलिखितांतल्या खोडाखोडीतून आकार उमटू लागले, साठी उलटल्यावर ते चित्रकार झाले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले. खोडाखोडीत आयुष्य गेलेल्या मला हे फार जवळचे वाटते.

तरीही गुरू नसणे ही मिरवण्याची गोष्ट आहे, असे मी मानत नाही. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, उजेडाची जागा आधी ठरवून तिथला कागद कोरा राखायचा असतो, हे जाणत्याने एका दुपारी सांगितले असते; मला त्याला आठ महिने लागले, आणि त्या महिन्यांची हळहळ मला खरोखर वाटते. सावलीसाठी काळा न वापरता अल्ट्रामरीन निळ्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी रंग, मिसळावा, हे तर कितीतरी कागद मळवल्यावर कळले.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया वर्षभराने ठरली. आदल्या दिवशी मी तोच कप पुन्हा मांडला. कप डाव्या डोळ्याने पाहायचा आणि रंग मात्र उजव्या डोळ्याने बघून कालवायचा, असे मी ठरवले, कारण डाव्यानेच कालवला असता तर कागदही पिवळाच दिसून चित्रात फरक उमटला नसता. दोन तास गेले. आता तो पिवळा कप मला कुठेही दिसत नाही, त्या एका कागदावर तेवढा आहे.