चौदा चेक आणि एक लेखाशीर्ष

माजी विद्यार्थी पैसे देत नाहीत, असं मला अनेकांनी आधीच बजावलं होतं. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या एमपीएचच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, दोन-तीन बॅचमधून तीन आठवड्यांत पैसे जमले. ते विद्यापीठानं स्वीकारावेत म्हणून मात्र मी सात महिने हेलपाटे घातले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पैसे कशासाठी, ते आधी सांगते. आमच्या वेळी माझ्या एका मैत्रिणीला मेळघाटातल्या धारणी तालुक्यात बालकांच्या कुपोषणावर प्रबंध करायचा होता. एसटीचं भाडं आणि तिथं दोन महिने राहण्याचा खर्च झेपेना, म्हणून तिनं विषय बदलला आणि शहरातल्याच वस्तीत काम केलं. मेळघाटात जायची तयारी असलेली मुलगी पैशापायी थांबली, हे मी विसरू शकले नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले. पाण्याचे नमुने घेतले जात होते, घरोघर सर्वेक्षण चालू होतं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बऱ्याच वर्षांनी कामाचं बोलणं सुरू झालं. मी तेव्हाच विषय काढला. ‘विभागाला मदत करा’ असं मोघम म्हटलं नाही. ‘एका विद्यार्थ्याचा क्षेत्रकार्याचा खर्च उचला’ असं म्हटलं. बहुतेकांनी त्याच आठवड्यात होकार कळवला.

फेब्रुवारीच्या शेवटी चौदा चेक घेऊन मी लेखा विभागात गेले.

“मॅडम, हे कोणत्या हेडला घेऊ?” तिथल्या साहेबांनी विचारलं. “सर्वसाधारण निधीत टाकतो, पावती आत्ता देतो.”

मी नको म्हटलं. ते बरोबरच केलं, असं मला आजही वाटतं. सर्वसाधारण निधीत गेलेला रुपया धारणीला पोचला की नाही, हे मी देणाऱ्याला कुठल्या तोंडानं सांगणार? मग स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे विद्यापीठाच्या हिशेबात फक्त याच कामाचा वेगळा हेड, उघडायचं ठरलं. त्यासाठी विभागाचा प्रस्ताव, त्यावर टिपणी, वित्त व लेखा अधिकाऱ्यांची सही आणि शेवटी व्यवस्थापन परिषदेची मान्यता. विद्यापीठाच्या वतीनं देणगी स्वीकारायचा अधिकार परिषदेचा आहे, तिथं माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मधल्या वाटेची. मार्चभर एकच उत्तर मिळत होतं, “फाईल वर गेली आहे.” वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगेना. एप्रिलमध्ये फाईल आक्षेप लागून परत आली. आम्ही पत्रात ‘प्रवास व निवास’ लिहिलं होतं आणि प्रवासाचं लेखाशीर्ष कर्मचाऱ्यांसाठी असतं, म्हणे. त्या दोन शब्दांपायी सगळी टिपणी पुन्हा. आम्ही ‘क्षेत्रकार्य साहाय्य’ असं लिहून दिलं. तोवर परिषदेच्या बैठकीची विषयपत्रिका निघून गेली होती, दोन दिवसांनी चुकली.

इकडे चेकची मुदत तीन महिने. मेमध्ये ते एकेक करून बाद होऊ लागले. चौदा जणांना फोन करून “पुन्हा चेक द्या” म्हणताना मला रडू येत होतं. ज्यांना २०२४-२५ च्या प्राप्तिकर विवरणपत्रात देणगीची वजावट दाखवायची होती, त्यांचा मार्च तर केव्हाच हुकला होता. एका सीनियरनं शांतपणे दुसरा चेक पाठवला. आणखी एक सीनियर म्हणाला, “तुमची फाईल निघाली की सांग.” त्याचं काय चुकलं?

कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी उद्धट बोललं नाही. पुढची पायरी कोणती, एवढंच कोणी सांगत नव्हतं. आवक-जावक विभागातल्या एका ताई पहिल्यांदा म्हणाल्या, “मॅडम, दर वेळी जावक क्रमांक लिहून घ्या.” त्या दिवसापासून फाईल कोणत्या टेबलावर आहे ते मला कळू लागलं. तुम्ही पहिल्या दिवसापासूनच लिहून घ्या.

खरं तर सर्वांत आधी सांगायला हवं होतं ते हे: लेखाशीर्ष आधी उघडून घ्या, पैसे नंतर मागा. आणि चेक घेऊच नका, खातं तयार झालं की थेट बँकेतून पाठवायला सांगा. रोख देणगी दोन हजारांच्या वर दिली तर तिची करवजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही, तेव्हा वजावटीचं आमिष दाखवून मागू नका. प्रत्येकाचा पॅन क्रमांक मात्र घ्या, देणगीच्या प्रमाणपत्राला तो लागतो.

परदेशातल्यांबद्दलही विचारून घ्या. दुबईतला आमचा मित्र भारतीय पासपोर्टवर आहे, तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकला. न्यू जर्सीतल्या मैत्रिणीकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे, पण नागरिकत्व अमेरिकेचं. कायद्याच्या दृष्टीनं तिचे पैसे परदेशी देणगी ठरतात आणि संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. तिला नाही म्हणावं लागलं.

सप्टेंबरमध्ये पावत्या मिळाल्या. प्रत्येकीवर स्वच्छ छापलं होतं: ‘एमपीएच क्षेत्रकार्य साहाय्य निधी’. त्यातल्या माझ्या पावतीचा फोटो मी रिक्षातूनच ग्रुपवर टाकला. “फाईल निघाली की सांग” म्हणणाऱ्या सीनियरनं घरी पोचायच्या आत खाते क्रमांक मागितला.