आमची वाटचाल : भोसरीतलं शेड, अणुवीज आणि व्याज

आमच्या शेडमध्ये जे बनतं ते बघून कुणी थक्क होणार नाही. स्टेनलेस स्टीलचे गोल, चकचकीत तुकडे. एखाद्या पंपाचे भाग म्हणूनही खपून जातील. पण त्यातले काही तुकडे अणुभट्टीत बसतात, आणि त्या थोड्याशा कामाने आम्हाला धंद्याबद्दल जे शिकवलं ते बाकीच्या सगळ्या कामांनी मिळून शिकवलं नाही.

सासऱ्यांनी पिंपरीतली टर्नरची नोकरी सोडून भोसरी एमआयडीसीत दोन लेथवर जॉबवर्क सुरू केलं. आप्पांचा हात सोन्याचा आणि हिशेब डायरीत. आधी मोटारींचे भाग, मग पंप आणि व्हॉल्व्ह. मी बी.कॉम. होऊन या घरात आले तेव्हा ती डायरी माझ्याकडे आली. तेव्हापासून मशीनची बाजू हे बघतात, पैशांची मी. हे लिहितेय तेही पैशांच्या बाजूनेच, हे आधीच सांगून टाकते. भट्टीच्या आतलं भौतिकशास्त्र मला विचारू नका.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीचं काम चालू होतं तेव्हा एका मोठ्या कंपनीला छोटे, अचूक भाग करून देणारं कुणीतरी हवं होतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या, १९६९ पासून चाललेल्या. या नव्या दोन मात्र आपल्या इंजिनिअरांनी आखलेल्या, जड पाण्यावरच्या (म्हणजे जड हायड्रोजनपासून बनलेल्या पाण्यावरच्या), प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या. अशा भट्टीत ३९२ आडव्या नळ्या असतात, त्यांत इंधन बसतं आणि त्यांतूनच जड पाणी वाहतं. भट्टी चालू असतानाच इंधन बदलतात. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र येऊन चिकटतं, झाकण काढतं, नवीन इंधन आत ढकलतं, जुनं दुसऱ्या बाजूने बाहेर घेतं आणि झाकण परत लावतं. नळ्या ३९२, टोकं ७८४, झाकणंही तितकीच. त्या झाकणांचे, म्हणजे सील प्लगचे, काही भाग आमच्याकडे आले. जड पाणी भयंकर महाग, शिवाय किरणोत्सारी झालेलं, तेव्हा ते झाकण गळून चालत नाही.

आप्पांना वाटलं, एवढुसा भाग, दोन दिवसांत काढून देऊ. मशीनवर तो खरंच लवकर निघतो. वेळ जातो तो बाकीच्यात. माल मंजूर मिलमधूनच यायला हवा, त्यावर हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या वितळीतला त्याची खूण, हवा, आणि बार कापला की प्रत्येक तुकड्यावर तो नंबर पुन्हा पंच व्हायला हवा. क्वालिटी प्लॅन आधी मोठी कंपनी मंजूर करणार, मग अणुऊर्जा महामंडळ. त्या प्लॅनमध्ये 'होल्ड पॉइंट' असतात. तिथे जॉब थांबतो आणि इन्स्पेक्टर येऊन सही करेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. लोखंड कापलेलं टूल स्टेनलेसला लागता कामा नये, म्हणून शेडमध्ये वेगळी खोली पाडली. साध्या मार्करने त्यावर लिहायचं नाही, शाईतलं क्लोराइड स्टेनलेसला खातं. धुवायला डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी. बारीक भेगा शोधणारी डाय पेनिट्रंट टेस्ट, सीएमएम या अचूक मोजणाऱ्या यंत्रावर मापं आणि शेवटी प्रत्येक नगामागे कागदांची एक फाइल. मी कॉस्टिंग मांडलं तेव्हा दिसलं की मशीनिंगपेक्षा तपासणी आणि वाट पाहणं यांचाच खर्च जास्त.

वाट पाहण्याचा खर्च कुठल्याच ड्रॉइंगवर नसतो. माल रोखीने घेतलेला, बँकेच्या सीसी (कॅश क्रेडिट) कर्जखात्यावर रोज व्याज चढतंय, जॉब होल्ड पॉइंटवर उभा. इन्स्पेक्टर पुढच्या आठवड्यात येणार. तो आला, सही झाली, माल गेला. मग साइटवर इमारत तयार नाही म्हणून माल तिकडच्या गोदामात पडून, आणि 'बसवल्यावर' मिळणारी रिटेन्शनची, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली, रक्कमही पडून. आमच्या भागात एक दोष नसतानाही आमचा नफा खाल्ला जातो. एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, नाही तर व्याजासकट. पण ते व्याज मागणारा पुरवठादार पुढच्या चौकशीच्या यादीत असतो का, ते कुठल्याही शेडमालकाला विचारा. एका मोठ्या कंपनीने आमची रक्कम वर्षापेक्षा जास्त रखडवली. व्याज मागायचं की नाही यावर आमच्या घरात जेवणाच्या ताटावर किती वाद झाले त्याची मोजदाद नाही. नाही मागितलं.

नंतर अणुविजेचं अर्थकारण वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की आमच्या शेडचं दुखणं तेच अख्ख्या प्रकल्पाचं आहे. अणुवीज केंद्रात इंधनाचा खर्च तुलनेने कमी. खरा पैसा बांधायलाच लागतो आणि तो बहुतेक कर्जाचा. शंभर रुपये दहा टक्क्यांनी काढले आणि पाच वर्षांत केंद्र उभं राहिलं तर डोक्यावर १६१ रुपये होतात. दहा वर्षं लागली तर २५९. सगळे पैसे पहिल्या दिवशी लागत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा कमी येतो, पण चाल हीच. विटा, सिमेंट, आमचे सील प्लग, सगळं तेच. महाग होतो तो वेळ, आणि तो विजेच्या दरात उतरतो.

काक्रापारचं उदाहरण आमच्या डोळ्यांसमोरचं. गुजरातेत ७०० मेगावॅटच्या दोन भट्ट्या, मंजुरी ११,४५९ कोटींची, म्हणजे मेगावॅटमागे सव्वाआठ कोटींच्या आत. तिसऱ्या भट्टीचं पहिलं काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडलं. ती २०१५ मध्ये चालू व्हायची होती. पहिली शृंखला अभिक्रिया जुलै २०२० मध्ये झाली आणि व्यावसायिक उत्पादन सुरू व्हायला ३० जून २०२३ उजाडला. चौथी मार्च २०२४ मध्ये आली. ७०० मेगावॅटचा हा देशातला पहिलाच नमुना होता, पहिल्याला वेळ लागणारच, हे मला मान्य आहे. आमच्याकडेही नव्या ड्रॉइंगचा पहिला नग कधी वेळेत निघालेला नाही.

मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७०० मेगावॅटच्या दहा भट्ट्या एकदम मंजूर केल्या. कैगा, गोरखपूर, चुटका, माही बांसवाडा. देशी उद्योगाला ७० हजार कोटींची कामं मिळतील असं सरकारने जाहीर केलं. भोसरीत पेढे वाटायचेच बाकी होते. ह्यांनी पाच अक्षांच्या नव्या मशीनचं कोटेशन मागवलं. मला कल्पना आवडली होती, अजूनही आवडते, कारण एकाच नकाशाच्या दहा भट्ट्या म्हणजे भाग पकडायचं एकच फिक्श्चर, एकच प्रोग्रॅम, तेच हात. स्वस्त अणुवीज हवी असेल तर दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. फ्रान्सने १९७४ पासून हेच केलं आणि आज त्यांची बहुतेक वीज तिथून येते.

पण त्याच महिन्यात राजस्थानातल्या भादल्याच्या लिलावात सौर वीज युनिटला २ रुपये ४४ पैशांवर आली. मी ती दोन्ही कात्रणं शेजारी ठेवली आणि मशीनला नाही म्हटलं. सूर्य रात्री नसतो, ढगात नसतो, हे मलाही कळतं, आणि ग्रीडला रात्रंदिवस चालणारं काहीतरी लागतं हेही. पण दिवसाच्या विजेचा भाव असा कोसळल्यावर मेगावॅटमागे पंधरा कोटींच्या भट्ट्यांबाबत सरकार घाई करेल, हे मला पटेना. घरात आठवडाभर अबोला होता. शेवटी सेकंडहँड टर्निंग सेंटर घेतलं आणि एक नियम केला: अणुऊर्जेचं काम उलाढालीच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ द्यायचं नाही. बाकी पंप, व्हॉल्व्ह, डेअरीचे भाग. त्या दहांतली एकही भट्टी अजून वीज देत नाही. माही बांसवाड्याची पायाभरणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली.

मध्ये एक वेगळंच लचांड होतं, ते म्हणजे दायित्व कायदा. २०१० च्या जूनमध्ये भोपाळचा निकाल लागला, देश संतापला आणि ऑगस्टमध्ये संसदेने अणुअपघाताच्या भरपाईचा कायदा केला. त्याच्या कलम १७ (ब) प्रमाणे सदोष माल पुरवल्यामुळे अपघात झाला तर केंद्र चालवणारी कंपनी भरपाईनंतर पुरवठादाराकडून वसुली करू शकत होती. भोपाळ ज्यांनी बघितलं त्यांना हे न्याय्यच वाटणार, मलाही वाटलं. परदेशी कंपन्या अडून बसल्या ते सगळ्यांनी वाचलं. पण आपल्या इथल्या पुरवठादारांनीही हात आखडते घेतले होते, त्याची चर्चा फारशी झाली नाही. आमच्या पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) मागच्या पानावर बारीक अक्षरात एक कलम आलं, त्याचा अर्थ असा की वरून जी जबाबदारी येईल ती खाली तुमच्यावर. केंद्र चालवणाऱ्याच्या दीड हजार कोटींच्या दायित्वाची साखळी भोसरीच्या शेडपर्यंत! आमच्या वकिलांनी नियम दाखवले, वसुलीला कराराच्या किमतीची मर्यादा होती. २०१५ मध्ये विमा कंपन्यांनी दीड हजार कोटींचा विमा कोषही उभा केला. तरी ते पान सही करताना आप्पांनी चष्मा काढून पुसला होता आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं होतं.

आता जैतापूरचा अणुप्रकल्प. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी वर्तमानपत्रातला नाही.

तिथल्या माडबनच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट, असा बेत. २०१० च्या डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी आले आणि आराखड्याचा करार झाला. तीन महिन्यांत फुकुशिमा झालं. एप्रिल २०११ मध्ये जवळच्या नाटे गावात आंदोलनावर गोळीबार झाला, त्यात एक जण गेला. शिवसेना विरोधात, काँग्रेसचं सरकार बाजूने, पुढे सरकारं बदलली, बाजूही थोड्याफार सरकल्या. जमिनीची भरपाई २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेली. गणपतीला गेलं की भाऊ विचारायचा, "ताई, तुमचं ते मशीन आमच्या आंब्यावर कधी चालवणार?" मी सांगायचे, आमचे भाग इथल्या भट्टीत बसणारच नाहीत. ते त्याला पळवाट वाटायची, पण खरं होतं. फ्रेंच भट्टीचा नकाशा वेगळा, त्यांची प्रमाणसंहिता वेगळी, मोठी यंत्रं तिकडून येणार. भोसरीच्या शेडला त्यात पाय ठेवायचा तर सगळी मान्यता पहिल्यापासून मिळवायची.

विरोधाला 'अडाण्यांची भीती' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरला, एन्रॉन येऊन गेलेलं. महाग विजेचा करार केला की राज्याचं वीज मंडळ कसं वाकतं आणि २००१ मध्ये वीज घेणंच कसं बंद होतं, हे कोकणाने जवळून बघितलंय. माझा भाऊ किरणोत्सारापेक्षा जास्त वेळा दर विचारायचा. युनिट किती रुपयांना? त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, कारण अंतिम करारच झालेला नाही. भट्ट्या देणार होती त्या फ्रेंच अरेव्हाचा भट्टीचा धंदा ईडीएफ या फ्रेंच सरकारी वीज कंपनीकडे गेला, ईडीएफने एप्रिल २०२१ मध्ये आपला प्रस्ताव दिला, चर्चा चालूच आहे. दरम्यान याच जातीची फ्लामानव्हिलची भट्टी फ्रान्समध्येच २००७ मध्ये बांधायला घेऊन २०२४ च्या डिसेंबरात ग्रीडला जोडली गेली. अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता, तो १३ अब्जांच्या वर गेला. ज्यांचा नकाशा त्यांच्याच अंगणात ही गत, तर माडबनच्या सड्यावर काय झालं असतं! अमेरिकेत वोग्टलच्या दोन भट्ट्यांची कथा अशीच, आणि तिथे तर ज्यांचा नकाशा त्या वेस्टिंगहाऊसनेच २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणून माझं मत, आमच्या पोटापाण्याचा संबंध लक्षात घेऊन हवं तर थोडं कमी करून घ्या, असं आहे: पुढची वीस वर्षं ७०० मेगावॅटचाच नकाशा धरावा, त्यात एक स्क्रूही बदलू नये, आणि दर वर्षी ठरल्याप्रमाणे ऑर्डरी काढाव्यात. मोठ्या घोषणेपेक्षा छोटी पण नेमाने येणारी ऑर्डर आमच्यासारख्यांना जगवते. घोषणा झाली की माणसं शिकवून ठेवायची, आणि ऑर्डर येईपर्यंत ती चाकणच्या कारखान्यांत निघून गेलेली असतात. चांगला टर्नर वाट बघत नाही, त्यालाही हप्ते आहेत.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा दोन्ही गेले, खासगी कंपन्यांना दार उघडलं, आणि सदोष मालासाठी पुरवठादाराकडून वसुलीची ती तरतूदही गेली. २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं लक्ष्य आहे. आज आपण ९ गिगावॅटच्या आसपास आहोत. पीओचं मागचं पान आता हलकं होईल याचं मला बरं वाटतं. पण भाऊ म्हणेल की मग अपघात झाला तर कोण, तर त्यालाही उत्तर द्यायला हवं, आणि ते माझ्याकडे नाही.

आता मुलगा मशीनवर उभा राहतो आणि आप्पांची डायरी एक्सेलमध्ये आहे. एका खासगी समूहाकडून चौकशी आली आहे, सील प्लगचेच भाग, संख्या बरी. दर आम्ही दिला. सोबत तीन अटी घातल्या: मालाच्या भावातला फरक मिळावा, होल्ड पॉइंटवर ठरल्यापेक्षा जास्त थांबावं लागलं तर त्याचं व्याज मिळावं, आणि रिटेन्शन 'बसवल्यावर' नाही, तर माल पोचल्यापासून ठरावीक महिन्यांनी सुटावं. पहिल्या अटीवर त्यांचा खरेदी विभाग राजी आहे, तिसरीवर मान हलवतोय. दुसरी त्यांनी आजवर कुणाकडून ऐकली नव्हती म्हणे. तिच्यावर त्यांचं लेखी उत्तर आलं की मशीन बुक करायचं की डेअरीची ऑर्डर पुढे घ्यायची, ते ठरवू.