आधी खेळ, मग रंग : स्वस्तातल्या तयार मिनी जमवण्याचा माझा अनुभव

आम्ही सहा-सात जण संभाजीनगरात शनिवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, ते पात्र काय करतंय ते सांगतात, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. आमच्याकडं डीएम मी. खेळ तोंडीच चालतो आणि बराचसा तोंडीच चालावा असं माझं मत आहे. पण लढाई लागली की कोण कुठं उभा आहे ते डोळ्यांना दिसावं लागतं. नाहीतर मी "आगीचा गोळा या कोपऱ्यात फुटला" म्हणायचा अवकाश, दोघं लगेच उठणार, "मी तं मागं होतो!" मग पुढचा बराच वेळ त्या वादातच जातो.

सुरुवातीला आम्ही हरभरे, शर्टाची बटणं, कॅरमच्या सोंगट्या वापरल्या. भागतं त्यावर. फक्त तासाभरानं काळी सोंगटी म्हणजे लांडगा की पहारेकरी, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. तिथून मिनींचा शोध सुरू झाला. मिनी म्हणजे जेमतेम सव्वा इंच उंचीची, गोल बुडावर उभी असलेली माणसं, राक्षस, जनावरं. नकाशावर एक इंच म्हणजे पाच फूट हा या खेळाचा हिशेब, त्यामुळं माणूस एका चौकटीत बसतो, अस्वल किंवा घोडा दोन बाय दोन चौकटी घेतो आणि मोठ्या धडाचा राक्षस तीन बाय तीन.

कोणालाही विचारा, पहिला सल्ला मिळतो तो कोऱ्या मिनी घेऊन स्वतः रंगवायचा. ती कला सुंदर आहे, करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण एक गॉब्लिन, म्हणजे या गोष्टींतला बुटका राक्षस, नीट रंगवायला एक संध्याकाळ जाते आणि लढाईला गॉब्लिन लागतात डझनभर. आमच्या गटात बँकेतला माणूस आहे, कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम आहेत, इंजिनीअरिंगची पोरं आहेत, बारावीतला माझा भाचा आहे. तेवढ्या संध्याकाळी कोणाकडंच नाहीत. शनिवारचे चार तास मिळतात तेच मुश्किलीनं. म्हणून मी ठरवलं, रंगवलेल्याच घ्यायच्या, आणि स्वस्तातल्या घ्यायच्या.

हे शक्य का होतं, ते थोडा इतिहास पाहिल्यावर कळलं. हा खेळ 1974 साली आला तो टेबलावर फौजा मांडून खेळायच्या युद्धखेळांच्या पोटातून, आणि त्या काळच्या मिनी धातूच्या, कोऱ्या असायच्या. 2000 साली विझकिड्स या कंपनीनं मेज नाइट नावाचा खेळ काढला, त्यात कारखान्यातच रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या मिनी होत्या. 2003 मध्ये आमचा खेळ छापणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तशाच मिनी बाजारात आणल्या. बंद खोक्यात आठ नग, आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. ती मालिका 2011 मध्ये थांबली. 2014 पासून विझकिड्स याच खेळाच्या रंगवलेल्या मिनी बंद खोक्यांतून काढते.

हे बंद खोकं आपल्या पथ्यावर पडतं. दुर्मीळ ड्रॅगनच्या मागं लागून लोक खोक्यांवर खोकी फोडतात आणि त्यांच्याकडं सांगाडे, गॉब्लिन, ऑर्क, पहारेकरी यांचा ढीग साचतो. संग्रह करणाऱ्याला एकसारखे सहा सांगाडे नकोसे होतात. डीएमला नेमके तेच हवे असतात! म्हणून साध्या, 'कॉमन' मिनी सुट्या आणि मातीमोल मिळतात, दुर्मीळ मात्र महाग राहतात. मी दुर्मिळांकडं बघायचंच नाही असं ठरवून टाकलं.

अडचण आहे ती भारतात आणायची. खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70 टक्के. त्यावर पोस्टाचा खर्च. एकेक मिनी मागवली तर स्वस्त या शब्दाला काही अर्थ उरत नाही. माझी सोय दोन ठिकाणांहून झाली. पुण्यातला एक जुना खेळाडू शहर सोडून चालला होता, त्यानं डबाभर मिनी एकरकमी दिल्या. आणि अमेरिकेतली मावसबहीण दिवाळीला येताना सुट्या कॉमन मिनींचं एक पाकीट बॅगेत घेऊन आली. तिला यादी देताना नावं कमी आणि नग जास्त ठेवले होते: सांगाडे, लांडगे, गॉब्लिन, भाले घेतलेले शिपाई. बस.

हातात आल्यावर पहिलं दिसलं ते वाकलेले भाले. या मिनींचं प्लॅस्टिक मऊ असतं, पाकिटात दबलं की तलवारी कमानीसारख्या होतात. उपाय सोपा आहे. पातेल्यात पाणी उकळायच्या बेतात आणायचं, मिनीचा हात चिमट्यानं तेवढाच बुडवायचा, काही सेकंदांनी बाहेर काढून भाला बोटांनी सरळ करायचा आणि लगेच माठातल्या गार पाण्यात धरायचा. गार पाण्याशिवाय तो परत वाकतो. मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा या मिनी गच्चीवर किंवा कारच्या डॅशबोर्डवर ठेवायच्या नाहीत हेही इथल्यांनी लक्षात ठेवावं.

दुसरं काम रंगाचं. कारखान्याचा रंग सपाट असतो, सांगाडा तर नुसता पांढरा फटक दिसतो. कॅमलच्या ॲक्रिलिकमधला बर्न्ट अंबर घेतला, पाण्यात कोऱ्या चहाइतका पातळ केला, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि जाड ब्रशनं सगळ्या सांगाड्यांवर फिरवला. ते पाणी आपसूक फासळ्यांच्या मधे उतरतं, डोळ्यांच्या खोबणीत साठतं. मग जुन्या बनियनच्या तुकड्यानं कवटीचा माथा आणि खांद्याची हाडं पुसून घ्यायची. वाळल्यावर खालची खाच काळपट, वरचं हाड उजळ, आणि थडग्यातून आत्ताच उठल्यासारखा सांगाडा समोर उभा. एका बैठकीत सगळी पलटण झाली. शेवटी बिनचमकीच्या व्हार्निशचा एक हात ब्रशनं मारला. स्प्रेचा डबा यावर मारू नये, काही स्प्रे या मऊ प्लॅस्टिकवर वाळतच नाहीत, चिकट राहतात.

यापलीकडं मी काही केलं नाही, आणि करायची गरजही वाटली नाही. मिनी पाहायची असते ती दीड-दोन हातांवरून. तिथून डोळ्यातली बाहुली रंगवली आहे का नाही हे कोणाला दिसत नाही. हा भाला घेतलेला शिपाई आहे आणि तो माझ्या बाजूला वळलाय, एवढं दिसलं की पुरे.

एकसारख्या सहा गॉब्लिनांत घायाळ कोणता, हे ओळखायला बायकोनं युक्ती सांगितली. प्रत्येकाच्या बुडाला वेगळ्या रंगाची टिकली. आता पोरं "लाल टिकलीवाल्याला मारतो" म्हणतात आणि माझ्या वहीतही लाल, हिरवा, निळा असंच लिहिलेलं असतं. शाईचे आकडे घासून जातात, टिकली उडाली तर दुसरी लावता येते.

जनावरं मात्र बाहेरून आणायची काहीच गरज नाही. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेत प्लॅस्टिकच्या प्राण्यांची पाकिटं मिळतात, रंगवलेलीच. सिंह, मगर, साप, डायनासोर. मापात ते एकमेकांशी जुळत नाहीत, मगर कधी हत्तीएवढी निघते. पण राक्षसांच्या जगात मोठी मगर चालते की! स्टीलचा जुना एक रुपया 25 मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ नेमका इंच. तो जाड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली की लहान प्राण्याचं बूड तयार. मोठ्यांना दोन इंची गोल कापून फेविक्विकनं चिकटवले. सापाला तपकिरी पाण्याचा एक हात दिल्यावर तो बाकीच्या मिनींमध्ये परका वाटेनासा झाला.

नकाशासाठी फ्लेक्सवाल्याकडून इंचा-इंचाच्या चौकटी छापून घेतल्या आणि त्यावर डायनिंग टेबलावर टाकतात ती पारदर्शक शीट अंथरली. व्हाइटबोर्डच्या मार्करनं भिंती काढायच्या, त्याच रात्री पुसायच्या. सकाळपर्यंत ठेवलं तर डाग राहतो.

या सगळ्याचा खरा उपयोग दिसला तो देवगिरीच्या मोहिमेत. आम्ही परदेशी किल्ल्यांऐवजी आपलाच किल्ला खेळायला घेतला. खोल खंदक, त्यावरची एकच अरुंद वाट, पुढं अंधारी. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना सांगायला नको, डोंगराच्या पोटातून वर चढणारा तो काळाकुट्ट, वळणावळणाचा बोगदा. त्याच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झडप ठेवून तिथं आग पेटवायची आणि शत्रूला धुरानं कोंडायचं, अशी योजना होती. नुसतं सांगितलं असतं तर ते वर्णन राहिलं असतं. मी शीटवर बोगदा काढला, काळ्या कागदाचे तुकडे टाकून झाकला आणि ज्याच्या हातात मशाल त्याच्यापुढचेच कागद उचलत गेलो.

तिसऱ्या वळणावर कागद उचलला, तर एका चौकटीच्या रुंदीत तीन सांगाडे एकामागं एक. सगळे गप्प. मॅडमचं पात्र सगळ्यात पुढं, त्यांच्या मागं भाचा, धनुष्य घेऊन. तो उभा राहून टेबलाच्या कडेला डोळे लावून बघायला लागला. "मामा, मॅडमच्या खांद्यावरून मला मागचा दिसतो का?" मी म्हटलं, तूच बघ. त्यानं धागा ताणून पाहिला. दिसत नव्हता. मग त्यानं स्वतःच ठरवलं, बाण न मारता मॅडमना मागं ओढून स्वतः पुढं जायचं. मॅडम म्हणाल्या, "अरे बाळा, तुझं चिलखत कातड्याचं आहे, मरशील की!" पुढचा सगळा खेळ त्या एका चौकटीवरून रंगला. जागेवरून कुणी भांडलं नाही, कारण जागा सगळ्यांच्या समोर होती.

मिनी मी नट-बोल्ट ठेवायच्या कप्प्यांच्या डब्यात ठेवतो. कारखान्याचा रंग चिवट असतो, स्पंज-फोम लागत नाही, डबा स्कूटरच्या डिकीत टाकून कोणाच्याही घरी नेता येतो.

लातूर, परभणी, नांदेडकडं कोणी नव्यानं गट जमवत असेल तर त्यांना एवढंच सांगेन: पहिले पैसे खेळाडूंच्या पात्रांवर घाला. प्रत्येकाला आपली वाटेल अशी एक मिनी, थोडी महाग पडली तरी चालेल, कारण ती वर्षभर दर खेळाला टेबलावर असते. मग सांगाडे आणि लांडगे, कारण ते कोणत्याही गोष्टीत खपतात. ड्रॅगन शेवटी. आमच्याकडं अजून तो नाही. भाच्यानं जत्रेतल्या पाकिटातला लांब मानेचा डायनासोर बाजूला काढून ठेवलाय, पुठ्ठ्याचे पंख कापायचं काम त्याचं आणि तपकिरी पाण्याचा हात माझा.