तुम्ही विचारलंत म्हणून: गाणं ऐकायला कोणता हेडफोन?

हा प्रश्न मला गाण्याच्या वर्गातल्या मुली विचारतात, ऑफिसातले सहकारी विचारतात, आणि नुकताच नोकरीला लागलेला शेजारचा मुलगा तर गेटपाशीच थांबवून विचारतो, "काकू, तो प्लॅनर घेऊन राहिलो, पन्नास हजारांचा. घेऊ ना?" विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात हेडफोनच्या प्रकारांची एक उतरंड रचलेली असते. खाली साधे डायनॅमिक, त्यावर प्लॅनर, सगळ्यात वर इलेक्ट्रोस्टॅटिक. पैसे साठतील तसं वर चढायचं. मला ही उतरंडच मान्य नाही. तिन्ही प्रकारांचे गुण वेगळे आहेत. नागपुरात बसून आपलं गाणं ऐकायचं असेल, तर त्यातला कोणता हे दोन गोष्टी ठरवतात: रेकॉर्डिंग कसलं आहे, आणि खोलीत कूलर सुरू आहे की नाही.

आपलं गाणं म्हणजे ख्याल, ठुमरी, नाट्यपदं, जुनी भावगीतं आणि जुनी सिनेमाची गाणी. माझं उत्तर तेवढ्यापुरतंच आहे. रॉक आणि इलेक्ट्रॉनिक ऐकणाऱ्यांना ते लागू पडणार नाही.

आधी या गाण्यात ऐकण्यासारखं काय असतं ते पाहू. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज 138 हर्ट्‌झच्या आसपास असतो, आणि तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, त्याच्या निम्म्यावर, 69 हर्ट्‌झला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या 5 किंवा 10 हर्ट्‌झच्या बेसचा आपल्या मैफिलीशी काही संबंध नाही. खरी श्रीमंती खर्जाच्या वर सुरू होते. जवारी, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या घोडीची जुळवणी, नीट लागलेली असली की तार घोडीच्या पसरट उतारावर टेकत-सुटत कंप पावते आणि एकाच तारेतून स्वयंभू स्वरांची, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत आपोआप उमटणाऱ्या स्वरांची, रांग उभी राहते. त्या रांगेत पाचव्या जागी गंधार असतो, 69 च्या पाचपट, 346 हर्ट्‌झच्या आसपास. तो तारेवर कुणी छेडलेला नसतो, तरी ऐकू येतो. जवारीची झणकार त्याच्याही खूप वर, काही हजार हर्ट्‌झपर्यंत पसरलेली असते.

तबल्याचंही तसंच. नुसतं ताणलेलं चामडं वाजवलं तर त्याचे कंप एकमेकांशी जुळत नाहीत. मधली शाई त्यांना सुरेल रांगेत आणते. हे 1920 मध्ये सी. व्ही. रामन यांनी दाखवून दिलं, आणि पुढे तानपुरा-वीणेच्या घोडीवरही लिहिलं. रामन 1910 च्या सुमारास वित्तखात्याचे अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते, हे इथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना ठाऊक असावं असं मला फार वाटतं.

हेडफोनची परीक्षा या रांगांवर होते. मध्येच एखादा पट्टा वर उचललेला किंवा दाबलेला असला की तानपुरा किणकिणायला लागतो, गायकाचा 'आ'कार नाकातून आल्यासारखा होतो, तबल्याच्या किनारीवरचा 'ना' टोचतो. वाद्यं सगळी ऐकू येतात, पण त्यांची आपसातली नाती बिघडलेली असतात. म्हणून मी कुठलाही हेडफोन लावला की पहिली दोन मिनिटं फक्त तानपुरा ऐकते, गायकाने अजून आवाज लावलेला नसतो तेव्हाचा.

आता प्रकार. डायनॅमिक म्हणजे छोटा लाउडस्पीकरच: चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला पडदा. बायरडायनॅमिकचा डीटी 48 याच तत्त्वावर 1937 मध्ये आला. मागची बाजू मोकळी सोडलेला, म्हणजे आपण ज्याला ओपन-बॅक म्हणतो तो, सेनहायझरने 1968 मध्ये एचडी 414 म्हणून बाजारात आणला. बंद डब्यात पडद्यामागचा आवाज आपटून परत येतो आणि स्वरात मिसळतो. मागची बाजू मोकळी असली की तो निघून जातो आणि गायकाभोवती हवा राहते. सेनहायझरचाच एचडी 600 हा 1997 चा हेडफोन आजही मिळतो, आणि मानवी आवाजासाठी मला त्याच्याहून खरा वाटणारा हेडफोन त्या किमतीत ऐकायला मिळालेला नाही. गायिकेच्या आवाजातला श्वास, शब्दाच्या शेवटी सुटलेला 'ह', हार्मोनियमच्या भात्याची हालचाल, सगळं आपापल्या मापात येतं. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खालच्या आवाजाच्या वाद्याचा, घुमारा मात्र थोडा आखडता येतो, कारण मोकळ्या पाठीच्या डायनॅमिकचा बेस खाली जाता जाता ओसरतो. मला ते चालतं. तबल्याच्या विद्यार्थ्याला चालू नये.

त्याने प्लॅनर घ्यावा. यात वेटोळं नसतं. पातळ फिल्मवर वाहक पट्ट्या पसरलेल्या असतात आणि जवळ चुंबकांची रांग, त्यामुळे सगळा पडदा एकसारखा हलतो. यामाहाने 1976 मध्येच असा एचपी-1 काढला होता. आज हायफायमॅन आणि ऑडीझी ही नावं जास्त ऐकू येतात. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड, तिचा सुरुवातीचा धक्का आणि मग खालून वर चढत जाणारा गोल स्वर, हे चांगल्या प्लॅनरवर ऐकताना अंगावर काटा येतो. एकल तबलावादन, पखवाज, सुरबहार (सतारीसारखं, पण खालच्या स्वरांचं वाद्य) यांच्यासाठी मी डोळे मिटून प्लॅनर सुचवीन. पण चुंबकांचं वजन असतं. एचडी 600 साधारण 260 ग्रॅमचा आहे, ऑडीझीचे काही मोठे हेडफोन अर्धा किलोच्या पुढे जातात. विलंबित एकतालातला ख्याल पाऊण तास चालतो. विसाव्या मिनिटाला मान अवघडली, तर पुढची बढत तुम्ही ऐकत नसता, सोसत असता. दुकानात पाच मिनिटं लावून वजनाचा अंदाज येत नाही, म्हणून हा मुद्दा मी आवाजाच्या बरोबरीने धरते.

इलेक्ट्रोस्टॅटिक फार सुंदर प्रकार आहे. दोन सच्छिद्र पट्ट्यांच्या मध्ये एक-दोन मायक्रॉन जाडीची फिल्म, तिच्यावर विद्युतभार; जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या आजच्या हेडफोनांत तो देणारा दाब 580 व्होल्टचा असतो, आणि त्यासाठी खास अॅम्प्लिफायर लागतो. स्टॅक्सने 1960 पासून हे विकायला सुरुवात केली. पुण्यात एका स्नेह्यांकडे मी त्यावर गायक वसंतराव देशपांडे ऐकले. वसंतराव लहानपणी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, त्यामुळे ते आम्हाला घरचे. त्यांची तान किती वेगाने आणि किती अनपेक्षित वळणांनी जाते ते सगळे जाणतात. त्या दिवशी तिच्यातला स्वरन्‌स्वर सुटा ऐकू आला, आणि तरी तान अखंड राहिली. सारंगीचा गज तारेला लागण्याचा क्षणही तसाच. पण डग्गा हलका झाला होता, जणू कलाकार तिथे होते आणि जमीन नव्हती. माझ्यासाठी डग्ग्याचा पाया गेला की लयीचा आनंद कमी होतो. हा माझा कान आहे. ज्यांना सूक्ष्मताच हवी आणि खर्च पेलतो, त्यांनी अवश्य घ्यावा.

पण त्याआधी आपल्या संग्रहाकडे बघावं. आपल्या संगीताचा मोठा ठेवा 78 आरपीएमच्या तबकड्यांवर, रेडिओच्या फितींवर आणि खाजगी मैफिलींच्या कॅसेटवर आहे. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 पासून आहे. माझ्या घरातल्या ऐकण्याची सुरुवात अशाच प्रक्षेपणांवरून ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटींनी झाली. यातलं बरंचसं मोनो. मोनोमध्ये डावं-उजवं एकच असतं, त्यामुळे हेडफोन कितीही भव्य मंच उभा करणारा असला तरी गायक डोक्याच्या मधोमधच बसणार. सेनहायझरचा 2009 चा एचडी 800 त्याच्या विस्तीर्ण अवकाशासाठी नावाजला गेला आणि ते रास्तच आहे, पण जुनी मोनो ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्याला त्या अवकाशाचा काही उपयोग नाही. उलट त्याचा 6 हजार हर्ट्‌झच्या आसपासचा उंचवटा तबकडीची करकर पुढे आणून ठेवतो. बायरडायनॅमिकच्या डीटी 990 मध्येही वरची पट्टी अशीच उजळ आहे. नव्या, स्वच्छ ध्वनिमुद्रणावर ती झळाळी छान वाटते. जुन्या भैरवीवर अर्ध्या तासात कान थकतात. महागडा आणि बारकावे दाखवणारा हेडफोन घेऊन कुणी जुनं गाणं ऐकणंच सोडलं, तर मला मनापासून वाईट वाटतं, आणि असे लोक मला भेटले आहेत.

काहीजण हेडफोनचा आलेख, म्हणजे खालपासून वरपर्यंतचा कोणता स्वर तो किती मोठ्याने वाजवतो ते दाखवणारी रेघ, पाठवतात आणि विचारतात, हा सपाट का नाही? हेडफोनचा आलेख सपाट नसावाच. बाहेरून येणारा आवाज कानाच्या नळीत शिरताना 3 हजार हर्ट्‌झच्या आसपास आपोआप वाढतो, तेवढी वाढ हेडफोनला स्वतः द्यावी लागते. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन कंपनीत श्रोत्यांना कोणता हेडफोन ते कळू न देता ऐकवून बहुतेकांना आवडणारा एक आलेख काढला. तो चांगला मार्गदर्शक आहे. त्यातला वाढवलेला बेस मात्र ख्यालाला मला जास्त वाटतो. डग्गा गायकाच्या पुढे येऊन बसतो.

आणि आता कूलर, ज्याच्याशिवाय नागपुरातलं कुठलंही उत्तर अपुरं आहे. मार्चअखेरीपासून पाऊस पडेपर्यंत घरोघरी कूलर सुरू असतो. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना तो बंद करण्याचा प्रश्नच येत नाही. ओपन-बॅकमधून आवाज जसा बाहेर जातो तसा बाहेरचा आतही येतो. पंख्याची घरघर आणि ताट्यांवरून पडणाऱ्या पाण्याची सरसर नेमकी तानपुऱ्याच्या जागेवर येऊन बसते, आणि कितीही लाखांचा ओपन-बॅक असला तरी जवारी ऐकू येत नाही. मग माणूस आवाज वाढवतो. हे धोक्याचं आहे. 85 डेसिबलला दिवसाला 8 तास ही मर्यादा धरली, तर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला 4 तास, 91 ला 2.

मग बंद पाठीचा घ्यावा का? सोनीचा एमडीआर-7506, ऑडिओ-टेक्निकाचा एम50एक्स असे चांगले आहेत, स्टुडिओत वर्षानुवर्षं वापरले जातात. पण एप्रिल-मेमध्ये रेक्झिनच्या गाद्या कानांभोवती अर्धा तास ठेवणं मला जमत नाही. कान भिजतात, आणि दोन उन्हाळ्यांत गाद्यांचे पापुद्रे सुटून गालाला चिकटायला लागतात. नॉइज कॅन्सलिंगवाला, म्हणजे बाहेरचा आवाज उलट्या आवाजाने खोडणारा हेडफोन, पंख्याची घरघर चांगली काढतो, कारण ते तंत्र खालच्या, सलग आवाजावर उत्तम चालतं. पाण्याची सरसर बरीचशी उरते.

उन्हाळ्याचं उत्तर कानात घालायचे इन-इअर. फोमची टोकं नीट दाबून बसवली की ती बाहेरचा आवाज वरच्या पट्टीतही अडवतात, बॅटरी लागत नाही, कानाची पाळी मोकळी राहते. एटिमोटिकचा ईआर-4 हा 1991 पासून या कामाचा मानदंड आहे. आज दोन-अडीच हजारांतही असे चिनी इन-इअर मिळतात की त्यावर ख्याल समाधानाने ऐकता येतो. गायक आणखीच डोक्याच्या आत येतो, मोकळेपणा नसतो. पण तानपुरा ऐकू येतो, आणि आवाज कमी ठेवता येतो. टोकं दर काही महिन्यांनी बदला, घामाचे दिवस असतात.

म्हणून माझा सल्ला दोन वस्तूंचा आहे: नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी एक मध्यम किमतीचा ओपन-बॅक, आणि कूलरच्या दिवसांसाठी एक इन-इअर. दोन्ही मिळून त्या पन्नास हजारांच्या प्लॅनरपेक्षा कमी पैसे लागतात आणि वर्षभर गाणं ऐकलं जातं. उरलेल्यातून फोनला लावायचा एखादा चांगला डॉंगल (छोटा अॅम्प्लिफायर) घ्या, कारण एचडी 600 हा 300 ओहमचा आहे, म्हणजे त्याला जास्त जोर लागतो, आणि नुसत्या फोनवर तो दबून वाजतो. फाइलच्या भानगडीत फार पडू नका. फाइलचा दर्जा 256 किंवा 320 केबीपीएसच्या (सेकंदाला इतके किलोबिट) पुढे गेला तरी मला तरी ख्यालात फरक पडत नाही.

बर्डीच्या (सीताबर्डीच्या बाजारातल्या) दुकानांत लावून बघायला ठेवलेले बहुतेक ब्लूटूथवालेच असतात, तेव्हा घेण्याआधी ऐकायचं कुठे, ही अडचण खरी आहे. माझ्याकडचे ऐकायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी या, रस्त्यावरची वर्दळ सुरू व्हायच्या आत. येताना तुम्हाला पाठ असलेलं एखादं रेकॉर्डिंग आणा, चांगल्या दर्जाचं नसलं तरी चालेल. दोन हेडफोनचा आवाज आधी समान करून घेऊ, कारण जो थोडा मोठ्याने वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. आणि निदान एक अख्खा ख्याल होईल एवढा वेळ काढून या.