ज्याला चढत नाही, तो

पोळ्याच्या संध्याकाळी, बैलांच्या शिंगांचा ओला रंग अजून हाताला लागलेला असताना, आमच्या केळीच्या बागेमागे चुलत काकांनी माझ्या हातात दारूने भरलेला स्टीलचा पेला दिला, तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. तीन पेल्यांनंतर माझ्याबरोबरची दोन मुले बांधावर आडवी झाली होती. मी मात्र सरळ चालत विहिरीपर्यंत जाऊन मोटार बंद करून आलो. "बापना पोऱ्या शोभस," असे काका म्हणाले आणि सगळे हसले. माझे वडील, ज्यांना गावात नाना म्हणत, त्या वेळी यकृताच्या आजाराने घरात अंथरुणाला खिळलेले होते. तरीही मला ते वाक्य शाबासकीसारखेच वाटले.

त्या शाबासकीचा खरा अर्थ मला फार उशिरा कळला. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे मार्क शुकिट या मानसोपचारतज्ज्ञांनी व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांना मोजून दारू दिली, ती त्यांना किती चढते याची नोंद ठेवली आणि सुमारे दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठले. ज्यांना विशीत कमी चढली होती त्यांच्यापैकी ५६ टक्के मुले व्यसनाच्या आहारी गेली होती, तर ज्यांना चांगलीच चढली होती त्यांच्यात हे प्रमाण १४ टक्के होते. "आता पुरे" असे सांगणारी शरीराची खूण ज्याला उशिरा जाणवते, तो साहजिकच अधिक पितो, आणि ही खूण उशिरा जाणवणे बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. आमच्याकडे यालाच 'पचवणे' म्हणतात आणि त्याचे कौतुक होते. वास्तविक पचत काहीच नसते. डोके शाबूत राहते एवढेच, यकृताला प्रत्येक पेल्याचा हिशेब चुकवावाच लागतो.

खानदेशात सोयरीक जमवताना मुलाच्या बापाच्या पिण्याची चौकशी हमखास होते, कारण 'ते रक्तातच असते' असा समज आहे. तो समज निराधार नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ मध्ये डेन्मार्कमधील अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांना जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत दत्तक दिले गेले होते. आई किंवा वडील व्यसनी असलेल्या ५५ मुलांपैकी १० जण पुढे व्यसनी झाले, तर तसे आईवडील नसलेल्या ७८ मुलांपैकी केवळ चार. ज्या बापाचे तोंडही पाहिले नाही त्याची छाया पडली, ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. परंतु चौकशी करणाऱ्या सोयऱ्यांना मला याच अभ्यासातील दुसरा आकडाही सांगावासा वाटतो: ५५ पैकी ४५ जण व्यसनी झाले नाहीत.

जुळ्यांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तर आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ५० टक्के निघतो. माझ्या पेल्यातला अर्धा भाग नानांचा आणि अर्धा माझा, असा त्याचा अर्थ नव्हे. माणसामाणसांत व्यसनाच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातील साधारण निम्मा जनुकांच्या फरकातून येतो, इतकेच त्यातून समजते. आमच्या शेतात टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, जी-नाईन जातीची केळी आहे. सगळी रोपे एकमेकांची नक्कल, म्हणजे जुळी भावंडेच. तरीही ठिबकच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाणी कमी पोहोचते, तिथला घड दरवर्षी हलका भरतो.

या निम्म्या वाट्याला जबाबदार असे एकच 'दारूचे जनुक' नाही. थोडा थोडा परिणाम करणारी पुष्कळ जनुके आहेत, आणि काही तर उलट संरक्षण देतात. दारूपासून शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते. चीन, जपान, कोरिया येथील अनेकांमध्ये ते निपटणारे विकर (एन्झाइम) जन्मतःच दुबळे असते, त्यामुळे दोन घोटांतच चेहरा लाल होतो, छाती धडधडते आणि पिणे नकोसे होते. आपल्याकडे हा बदल दुर्मीळ आहे. डायसल्फिराम हे औषध तोच परिणाम कृत्रिमरीत्या घडवते. आईने कोणाच्या तरी सल्ल्यावरून या गोळ्यांची पूड नानांच्या वरणात, त्यांना न सांगता, कालवली होती. त्या रात्री ते पिऊन आले, जेवले आणि थोड्याच वेळात लालबुंद होऊन ओकत अंगणात कोसळले. रुग्णाच्या संमतीशिवाय हे औषध देणे जिवावर बेतू शकते, हे आईला कोणीही सांगितले नव्हते. नाना वाचले, पण त्यानंतर त्यांनी घरचे वरण कधीही खाल्ले नाही.

मी वयाच्या ३६ व्या वर्षी थांबलो. आता माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, आणि यंदाच्या पोळ्याआधी मी त्याला त्या तीन पेल्यांची हकीगत सांगितली. त्याने शांतपणे विचारले, "पण पप्पा, मला चढते की नाही हे पिऊन पाहिल्याशिवाय कळणार कसे?" मी म्हणालो, "तुझी परीक्षा घ्यायला नको. नानांचा आणि माझा निकाल तुझ्यासमोर आहे."