बाई, माझं पान सगळं लालच झालं

आठवीचा जोडतास होता. आदल्या आठवड्यात मुलांनी ‘हरवलं’ या विषयावर गोष्टी लिहिल्या होत्या. ४२ वह्या मी न तपासता परत दिल्या आणि सांगितलं, आपल्या गोष्टीला १० पैकी गुण तुम्हीच द्या, खाली एका ओळीत कारण लिहा.

कारणं वाचून थबकले. ‘अक्षर छान आलं.’ ‘दोन पानं झाली.’ ‘खाडाखोड नाही.’ ‘तात्पर्य लिहिलं आहे.’ गोष्टीविषयी काही म्हणणारी कारणं जेमतेम चार. यात मुलांना बोल लावता येत नाही. वर्षानुवर्षं वहीत आपण ज्याला गोल करतो, तेच ती मोजणार. राज्यात २०१० पासून आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकता शिकताच वर्षभर होणारं मूल्यमापन, आहे, त्याच्या साधनांत स्वयंमूल्यमापनही आहे; पण वर्गात येईपर्यंत त्याचा होय-नाहीचा तक्ता होतो. १२ प्रश्नांचा असा तक्ता मी पूर्वी देऊन पाहिला आहे. पाच मिनिटांत सगळीकडे ‘होय’ करून मुलं मोकळी, कारण ‘गोष्ट रंजक आहे का?’ याचं उत्तर द्यायला वही उघडावीच लागत नाही.

म्हणून त्या दिवशी हातात रंगीत पेन्सिली दिल्या. जे घडतं त्याखाली निळी रेघ, कुणी बोलतं त्याखाली हिरवी, आणि ‘वाईट वाटलं’, ‘आनंद झाला’ अशी भावना नुसती सांगून टाकलेली असेल तिथे लाल. पहिली पाच-सहा वाक्यं फळ्यावर सगळ्यांनी मिळून रंगवायची. नाहीतर ‘तो रडू लागला’ हे निळं की लाल, यातच तास संपतो. (रडणं दिसतं, म्हणून निळं.) बराच वेळ वर्गात नुसता पेन्सिलींचा आवाज. मग तिसऱ्या बाकावरून, “बाई, माझं पान सगळं लालच झालं.”

तिची गोष्ट करडू हरवल्याची. ‘करडू कुठेच दिसेना. मला खूप वाईट वाटलं. मी खूप घाबरले. आई रागावेल असं वाटलं.’

“तेव्हा तुझ्या हातात काय होतं?”

“दावं.”

“मग?”

“गाठ सुटलीच नव्हती, बाई. मान बारीक ना त्याची, तसंच निसटलं.”

“हे कुठे लिहिलंयस?”

तिने वहीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चिठ्ठी मागितली.

चिठ्ठीचं कारण असं. पूर्ण गोष्ट पुन्हा लिहायला सांगितली की मुलं तीच गोष्ट सुवाच्य अक्षरात उतरवून आणतात. म्हणून सगळ्यात लाल झालेल्या जागेच्या पाच-सहा ओळीच नव्याने लिहायच्या, वेगळ्या कागदावर, आणि तो कागद फक्त वरच्या कडेला डिंक लावून जुन्या ओळींवर चिकटवायचा. कागद उचलला की खालचं जुनं दिसतं. दोन्ही वाचून कुठलं ठेवायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायचं. तिने लिहिलं: ‘दावं हातात होतं. गाठ जशीच्या तशी. मी ते चुलीमागे लपवलं आणि आईला विचारलं, पाणी आणू का?’

दुसऱ्या तासाला जोडीवाचन. आपली गोष्ट जोडीदाराने मोठ्याने वाचायची, आपण गप्प ऐकायचं, आणि तो अडखळेल तिथे टिंब द्यायचं. आपलं आपण वाचताना पानावर नसलेलंही डोळा भरून घेतो. दुसऱ्याला ते जमत नाही. गप्प बसणंच मुलांना अवघड जातं. “अरे, तिथे मला असं म्हणायचंय,” असं तोंडून निघालं की ते तिथल्या तिथे समासात लिहायचं, कारण पानावर तेवढंच राहून गेलेलं असतं. ‘मग’ आणि ‘नंतर’ही असेच कानाला खुपतात. एकाने स्वतःहून मोजले, दीड पानात १७. सगळे काढायला गेलं तर गोष्टीचे तुकडे पडतात. वेळ खरोखर पुढे सरकते तिथले राहू द्यावेत.

एका वहीत आजी म्हणत होती, “बाळा, तू कुठे गेला होतास?” वाचणारा मित्र थांबला. “तुझी आजी अशी बोलते?”

“नाही. कुटं गेल्तास रं, म्हणते. पण ते अशुद्ध ना?”

इथे मी सगळा वर्ग थांबवला. निवेदन प्रमाणभाषेत लिहा, पण अवतरणचिन्हांच्या आतलं बोलणं त्या माणसाचं. आजीच्या तोंडचं ‘कुटं’ खोडायचा हक्क बाईंनाही नाही. पुढच्या दहा मिनिटांत किती आज्या, मामा आणि कंडक्टर आपापल्या बोलीत बोलू लागले! हिरव्या रेघांची ती पानं मी पुन्हा पुन्हा वाचली.

तास संपताना परत गुण द्यायला सांगितले. हे गुण नोंदवहीत चढणार नाहीत, हे आधीच सांगावं लागतं; त्याशिवाय कुणी प्रामाणिकपणे कमी गुण देत नाही. निम्म्याहून अधिक मुलांनी आपले गुण उतरवले. करडूवालीने ९ चे ६ केले होते. कारण लिहिलं होतं, ‘करडू शेवटी सापडतं, पण कसं सापडलं ते मी सांगितलंच नाही. उद्या चिठ्ठी लावते.’